बांगड्या उतरेपर्यंत

भोईर सिस्टर माणसाला नुसतं बघून वजन सांगायच्या. लिफ्टमधून निघालेली बाई आमच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत माझ्याकडे न बघता पुटपुटायच्या, "एकशे चार." काट्यावर उभी केली की एकशे चारच, फार तर अर्धा किलो इकडेतिकडे. त्यांची आई मुर्धा गावाहून टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायची. "तिला तराजू लागत नसे. मासा हातात घेतला की झालं," सिस्टर सांगायच्या. "माझ्या वाट्याला मासळीच्या जागी बायका आल्या, एवढाच फरक."

मीरा रोडच्या एका खाजगी हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विभाग होता. मोठे सर मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईहून यायचे. कुणाचं पोट लहान करायचे, कुणाच्या आतड्याची वाट वळवून बायपास करायचे. काय खायचं, किती खायचं हे सांगायला एक आहारवाली मुलगी होती. उरलेलं, म्हणजे जे सांगायला सगळ्यांनाच अवघड वाटायचं ते, सिस्टरांच्या टेबलावर यायचं. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत आणि त्यासाठी काय वापरायचं, हे बाईच्या गळी उतरवायचं. एवढंच त्यांचं काम. ऐकायला केवढंसं वाटतं.

मी तिथे मावशी होते. चादरी बदलायच्या, पेशंटला न्यायचं-आणायचं, वजन घेताना जवळ उभं राहायचं. मी हिंगोलीकडची, सहावीतून शाळा सुटलेली. या मजल्यावरची ड्युटी मला नको होती, कारण इथे वजन वहीत लिहावं लागायचं. आणि झालं तसंच. तिसऱ्याच दिवशी मी अठ्ठ्याण्णव पॉइंट पाचमधला पॉइंट गाळला. वही सरांसमोर गेली. सर म्हणाले, "नऊशे पंच्याऐंशी किलोची बाई कुठे बसवलीय? कुणी लिहिलं हे?" सगळी ओपीडी हसली. नोकरी गेली असंच मला वाटलं. सिस्टर पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी लिहिलं सर. चष्मा नव्हता." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. सरांनी चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्यानंतर आठवडाभर ओपीडी संपली की सिस्टर मला काट्यापाशी बसवायच्या. पाण्याची बाटली ठेवायच्या, कुलूप ठेवायच्या, त्यांच्या चपला ठेवायच्या. "वाच." मी वाचायची. "लिही." मी लिहायची. "पॉइंट कुठं हाय?" एवढं विचारताना त्यांच्या तोंडात गावची बोली यायची. एरवी त्या शहरातल्यासारखं बोलायच्या, पण राग आला, हसू आलं की काळजी वाटली की मुर्धा बाहेर यायचं. आज मी जे चार शब्द धीराने लिहिते, ते त्या काट्यापाशी आलेल्या धीरावर.

बायकांना समजावताना त्या पुस्तकातलं काही बोलायच्या नाहीत. बायपास झालेल्या बाईला गर्भनिरोधक गोळीवर विसंबून राहता येत नाही, कारण आतड्याची वाट बदललेली असते, गोळी अंगी लागेल याचा नेम नसतो. हे सिस्टर असं सांगायच्या, "वर पूल झाला की खालच्या दुकानात गिऱ्हाईक येतं का गं? गाड्या वरच्या वर जातात. तुझी गोळी पण तशीच वरच्या वर जाणार." मीरा रोडच्या बाईला पूल लगेच कळायचा. मग खिशातून चष्म्याची डबी काढायच्या. चष्मा कायम नाकावर, त्यामुळे डबीत तांबी असायची, दाखवायला. तळहातावर ठेवून म्हणायच्या, "एवढीशी वस्तू. घरात कुणाला दिसत नाही, कुणाला विचारावं लागत नाही." नया नगरच्या एका बाईने ती चिमटीत धरून उजेडात बघितली आणि विचारलं, "सिस्टर, ये कान में पहनते हैं क्या?" सिस्टर म्हणाल्या, "पहन लो, अच्छा दिखेगा. बस काम नहीं करेगा." ती बाई हसता हसता स्टुलावरून घसरली. तिने बसवून घेतली, आणि पुढे तिच्या दोन नणंदांनाही तीच घेऊन आली.

सगळ्यात अवघड बायका म्हणजे ज्यांना मूल होत नव्हतं त्या. वजनामुळे ज्यांची पाळी वर्ष-वर्ष बंद. कुणी डॉक्टर, कुणी बुवा, सगळ्यांनी सांगितलेलं की तुझ्या नशिबात नाही. त्या म्हणायच्या, "सिस्टर, मला कशाला हवी ही भानगड? आठ वर्षांत नाही झालं, आता चार महिन्यांत होणार आहे?" सिस्टर डोळे मिटून मान हलवायच्या. "आताच होणार. चरबी उतरली की पाळी धावत येते. आणि तेव्हाच तुझ्या अंगात रक्त नसणार, ताकद नसणार. पोट लहान केलंय बाय, गर्भाची पिशवी लहान नाही केली. तुझं तुलाच पुरणार नाही, तर त्याला काय देशील?"

पण सांगण्यापेक्षा बाईला एकटी गाठणं जड होतं. आमच्याकडे बाई एकटी येतच नसे. सासू, नणंद, नवरा, एकदा तर दीर आणि त्याचा मित्रसुद्धा. त्यांच्यासमोर पाळीचं विचारलं की बाई सासूकडे बघायची आणि उत्तर सासू द्यायची. म्हणून सिस्टरांनी वजनाच्या खोलीचा नियम काढला. आत फक्त पेशंट. दागिने, बांगड्या सगळं उतरवायचं, तरच खरं वजन. हॉस्पिटलाचा असा काही नियम नव्हता. दोन डझन बांगड्यांनी वजनात काय फरक पडणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण हरकत कुणी घेत नसे. उलट सासवाच म्हणायच्या, "काढ गं सगळं, बरोबर यायला पाहिजे."

त्या जाड मनगटांत काचेच्या बांगड्या वर्षानुवर्षं रुतलेल्या असायच्या. सिस्टर साबणाचं पाणी घेऊन बुटक्या स्टुलावर बसायच्या, बाईचा हात मांडीवर घ्यायच्या आणि एकेक बांगडी सोडवत बोलायला लागायच्या. हात अगदी मोकळा नको म्हणून दोन्हीकडे एकेक राहू द्यायच्या. दोघींच्या नजरा मनगटावर असायच्या, त्यामुळे बाईला तोंड वर करून बोलावं लागत नसे. दहा-बारा मिनिटं आरामात मिळायची. तेवढ्या वेळात मी दाराबाहेर. "काकू, पंख्याखाली बसा ना. पाणी आणू?" हे माझं काम.

याच्यात एक वाईट होतं. ऑपरेशन झालं की बाई वाळत जायची. दुसऱ्या महिन्यात बांगड्या पाच मिनिटांत निघायच्या. चौथ्या महिन्यात हात खाली केला तरी खळकन ओघळायच्या. म्हणजे दिवस राहायची भीती वाढत जायची तसतसा सिस्टरांचा वेळ कमी होत जायचा. एकदा साबणाच्या पाण्याची वाटी भरलेलीच माझ्याकडे देत म्हणाल्या, "साबण लावायला पण मिळाला न्हाय गो. एका मिनिटात काय सांगू हिला, नाव-गाव?"

पुरुषांना त्या व्हरांड्यात गाठायच्या. भाईंदरला कापडाचं दुकान असलेला एक गुजराती नवरा होता. सिस्टरांनी विचारलं, "तमे शुं वापरो छो?" तो भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे बघत राहिला. "मॅडम, धीरे बोलिये." सिस्टरांनी आवाज खाली आणला, पण मासळीबाजारात तयार झालेला आवाज खाली आणला तरी लिफ्टपर्यंत जायचा. अख्खा व्हरांडा ऐकायला गप्प झाला. त्याने निरोधाची पाकिटं हिशेबाच्या कागदात गुंडाळून घेतली आणि जिन्याने पळाला. पुढच्या महिन्यात तो एकटाच आला, त्याच नळकांड्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, वो खतम हो गया." सिस्टर दिवसभर खूश होत्या. जेवणाच्या डब्यातली बोंबलाची चटणी त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना वाटली.

असे दिवस थोडे.

सुवर्णा भाईंदर पूर्वेची. सत्तावीस वर्षांची, लग्नाला सात वर्षं, मूल नाही. नवरा कुरियरच्या ऑफिसात, सासर मूळचं रायगडचं. सिस्टर पुटपुटल्या, "एकशे अठरा," आणि तेवढंच निघालं. ऑपरेशन कशासाठी करताय असं सरांनी विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "नातवासाठी. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय, वजन उतरलं की होईल." सुवर्णाला बसायला खुर्ची लहान पडत होती, म्हणून ती उभीच होती.

सासू वाईट होती असं मी म्हणणार नाही. बायपास झाल्यावर दर दोन तासांनी ती वाटीभर पातळ डाळ चमच्या-चमच्याने भरवायची. सुनेचे पाय दाबायची. एकदा मला म्हणाली, "सात वर्षं हिच्याशी धड बोलले नाही बघ मी. आता वाटतं, पोरीचं काय चुकलं होतं?"

पहिल्या दोन खेपांना बांगड्यांच्या वेळात सिस्टरांनी सुवर्णाला सगळं सांगितलं. गोळी नको, तांबी बसवू, नाहीतर तीन महिन्यांचं इंजेक्शन. सुवर्णा म्हणाली, "पुढच्या वेळी बसवू. घरी पूजा आहे, ती होऊ दे." तिसऱ्या खेपेला आत दोघी बोलत होत्या आणि सासू उठली. "सुनेला चक्कर येते, मी बघते." मी दारात आडवी झाले. "काकू, वजन चाललंय." ती म्हणाली, "अगो, तू कोण मला अडवणारी? माझी सून आहे ती." तिचं ते 'अगो' ऐकून मी बाजूला झाले. का झाले, ते आजही सांगता येत नाही. मोठ्या बाईने आवाज चढवला की माझे पाय आपोआप मागे सरतात, लहानपणापासूनची सवय.

आत गेल्या गेल्या सासूने विचारलं, "कसलं बोलणं चाललंय?" सिस्टरांनी एरवी विषय बदलला असता. त्या दिवशी बदलला नाही. उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "वर्ष-दीड वर्ष मूल नको, हे सांगतेय."

सासूने अंगठा बोटाच्या पेरांवरून फिरवला. "म्हणजे पुढच्या पाडव्यानंतर आलं तर चालेल."

"आलं न्हाय काकू. राहायलाच नको, तोपर्यंत."

"आता राहिलं तर नऊ महिने धरा ना त्यात. कधी होईल ते बघा की."

"तिच्या अंगात रक्त न्हाय. सगळं अंग उतरतंय. आता राहिलं तर तिच्याच जिवावर येईल."

सासूने सिस्टरांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "तुम्हाला मुलं किती?"

"एक पण न्हाय."

"तरीच."

मी दारात उभी होते, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सिस्टर वाकल्या, सुवर्णाची चप्पल तिच्या पायापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "न्हाय हाय, म्हणून तर तुमच्या सुनेसाठी वेळ हाय मना. शुक्रवारी आणा तिला. तांबी बसवू."

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाहीत. सिस्टर फोन करायच्या, सासू उचलायची, "हो हो, येतो," म्हणायची. आल्या त्या दोन महिन्यांनी, पेढे घेऊन. सुवर्णा तीस किलोने उतरली होती, गालाची हाडं वर आली होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं की तिच्याकडे बघावंसं वाटे आणि बघवतही नसे. सासूने सरांच्या टेबलावर पेढे ठेवले, आहारवाल्या मुलीला दिले, मला दिला. सिस्टरांच्या हातावर ठेवला तेव्हा म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो माझा. तोंड गोड करा." सिस्टरांनी पेढा खाल्ला. बाई निघून गेल्यावर खुर्चीत बसल्या आणि डबीतली तांबी काढून नुसती बघत राहिल्या.

"सिस्टर, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मी तिला आत सोडलं."

"तू आडवी पडली असतीस तरी ती वरून गेली असती," त्या म्हणाल्या. "मी बोलायला नको होतं उभ्या उभ्या. जरा हसून, गोड बोलून दोन आठवडे काढले असते, तर तांबी बसली असती." मग पुढचा कितीतरी वेळ त्या तेच बोलत होत्या, असं म्हटलं असतं तर, तसं म्हटलं असतं तर.

त्यानंतर मात्र त्यांनी सुवर्णाला हातची जाऊ दिली नाही. रक्ताच्या तपासण्या, लोहाची सलाईन, इंजेक्शनं. दर दोन दिवसांनी फोन. काय खाल्लं, किती वेळा उलटी, बाळ फिरतंय का. आणि दर फोनच्या शेवटी एकच वाक्य: "पोटात दुखलं तर कळा आहेत असं समजू नका, ॲसिडिटी समजू नका. आधी इथं या. बायपासवाल्या बाईचं आतडं आत अडकू शकतं." सुवर्णा म्हणायची, "हो सिस्टर, पाठ झालंय आता."

सातव्या महिन्यात त्यांचं गावी जायचं ठरलं. देवीला नवस बोललेला होता, पोट दिसायला लागल्यावर ओटी भरायची. सिस्टरांनी नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, सरांनाही सांगायला लावलं. नवरा म्हणाला, "दोनच दिवस, सिस्टर. गाडी करून जातोय." सासू म्हणाली, "सात वर्षांनी दिलंय तिनं. तिला कसं नाही म्हणू?" सिस्टर स्वतः दर वर्षी गावच्या देवीला जायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबा खात होतो आणि फोन आला. नवरा होता. सुवर्णाच्या पोटात सकाळपासून दुखतंय, गावातल्या डॉक्टरने गॅसचं इंजेक्शन दिलंय, कळा असतील असं म्हणतोय. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "फोन डॉक्टरला द्या." डॉक्टर आत पेशंट बघत होता. "मग कंपाउंडरला द्या." कंपाउंडरने ऐकलं आणि म्हणाला, "साहेबांना सांगतो." फोन ठेवला गेला. सिस्टरांनी परत लावला. लागला नाही. परत लावला. व्हरांड्यात, खिडकीत, जिन्यात, जिथे जिथे रेंज चांगली येते तिथे तिथे त्या गेल्या आणि मी त्यांचा डबा हातात धरून मागे मागे. शेवटी सासूने उचलला. ती रडत होती. सिस्टर म्हणाल्या, "काकू, रडू नका, ऐका. पेन हाय? तिच्या हातावर लिहा. हो, तिच्या हातावर, कागद हरवतो. लिहा, बायपास झालंय. आतडं अडकलं असेल. गाडी काढा आणि पनवेलला मोठ्या हॉस्पिटलात न्या. कुणी विचारलं तर हात दाखवा."

सासूने लिहिलं. नंतर आम्हाला कळलं की पनवेलच्या डॉक्टरने सुवर्णाला काही विचारलंच नाही, हात वाचला आणि थेट ऑपरेशनला घेतली. आतडं खरंच पिळवटलं होतं. थोडं कापावं लागलं. सुवर्णा वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

सरांनी सिस्टरांचं कौतुक केलं. म्हणाले, हातावर लिहायला सांगितलं म्हणून पेशंट जगली. सिस्टर "हो सर" म्हणाल्या आणि बाथरूममध्ये गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सुवर्णा दीड महिन्याने दाखवायला आली. सासू बाहेर बाकावर बसली, आत यायला उठलीही नाही. सिस्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसल्या. मला वाटलं, आता समजावतील. पण त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं बाय. मी तुला नीट सांगू शकले नाही."

सुवर्णा शांत होती. म्हणाली, "असं नका म्हणू सिस्टर. मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. पूल, गोळी, सगळं. पूजा वगैरे काही नव्हती घरी."

"मग का गो?"

"सात वर्षांनी सासूबाई मला सुवर्णा म्हणायला लागल्या होत्या. त्याच्या आधी 'अगं ए'. मला ते मोडवेना."

सिस्टरांकडे सगळ्याला काही ना काही असायचं, पुलाची गोष्ट असायची, डबीतली तांबी असायची. याला काही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी फक्त तारीख लिहून दिली. आता नव्याने पोट उघडलंय, मोजणी पहिल्यापासून, वर्ष-दीड वर्ष. तांबी पुढच्या खेपेला. सुवर्णा "हो" म्हणाली.

ती पुढची खेप आलीच नाही. फोन उचलायचं सगळ्यांनीच बंद केलं. चार-पाच महिने गेले. सिस्टरांची निवृत्ती जवळ आली होती. शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी ओपीडी नव्हती, तर मला म्हणाल्या, "मंगल, चल माझ्याबरोबर." आम्ही शेअर रिक्षाने स्टेशनला आणि तिथून भाईंदर पूर्वेला गेलो. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. सिस्टरांचे गुडघे दुखायचे. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरत त्या चढल्या.

सासूने दार उघडलं. आत बोलावलं, पंखा लावला. पोहे झाले, चहा झाला. सुवर्णा दोन मिनिटं बाहेर येऊन बसली, बारीक झालेली, केस ओले. सासूच बोलत होती. "आता आम्हीच काळजी घेतो हो. तुम्ही कशाला एवढी दगदग करता? आता निवृत्त होणार ना? आराम करा." सिस्टरांनी विचारलं, "सुवर्णा, तपासणीला कधी येतेस?" सासू म्हणाली, "आणते ना. बघू." सिस्टरांनी पुन्हा विचारलं. सासू पुन्हा म्हणाली, "बघू." आणि आमच्या कपबशा उचलल्या.

आम्ही उठलो. दारात सासू आमच्याशी बोलत उभी होती, तिच्या मागे सुवर्णा. सासूच्या खांद्यामागून तिने हात वर केला आणि सिस्टरांना दोन बोटं दाखवली. मग तो हात पोटावर ठेवला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रडूही नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "येते काकू." दार लागलं. एक जिना उतरून त्या पायरीवर बसल्या.

"दोन महिने," मी म्हटलं.

"होय."

"आता काय होणार सिस्टर?"

"मना काय ठाव." त्यांनी गुडघे दोन्ही हातांनी धरले होते. "तिच्या सासूने माझं तोंडावर ऐकलं, फोनवर ऐकलं, सुनेच्या हातावर लिहिलं. अजून कसं सांगायचं असतं गो?"

खाली कुणीतरी कपडे धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं त्या आता उठतील, खाली उतरतील, रिक्षाला हात करतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तू जा. तुझी ड्युटी हाय." आणि कठडा धरून वर चढायला लागल्या.

त्यानंतर त्या निवृत्त झाल्या, गावी राहायला गेल्या, फोनवर आमचं बोलणंही होतं. सुवर्णाचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण डोळ्यांपुढे येतात त्या तिथे, जिन्यात. मी खालून, कठड्याच्या फटीतून बघत होते. एक पाय वर, दुसरा त्याच्याजवळ, मग थांबायचं. दारापाशी पोचल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला.

"काही विसरलात का हो सिस्टर?" सासूचा आवाज आला.

"न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "थोडी बसते."

सासू दारात तशीच उभी राहिली असावी, कारण बराच वेळ काही हललं नाही. मग सिस्टर वाकल्या आणि चपला काढायला लागल्या. एक सरळ राहिली, एक उलटी पडली. ती सरळ न करताच त्या आत गेल्या.